दार लावून घ्या

अण्णांनी एक्झॉस्ट फॅन आणला तो मसाल्यासाठी. एप्रिल लागला की माई गच्चीवर मिरच्या वाळत घालणार, बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी "नुसती नावाला" म्हणत चांगली दोन मुठी. मग एका दुपारी धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर असं एकेक भाजायला घेणार आणि शेवटी मिरची कढईत पडली की चौथ्या मजल्यापासून खाली वॉचमनपर्यंत सगळी इमारत खोकणार. डोंबिवलीतल्या त्या जुन्या इमारतीत हे दरवर्षी चालायचं. कुणी तक्रार करत नसे, कारण त्या दिवसांत आज ना उद्या प्रत्येकाच्याच घरी मिरची भाजली जायची.

पण यंदा अण्णांच्या घराचं रूप पालटलं होतं. लाकडी खिडक्या जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या होत्या, त्यांना रबराच्या पट्ट्या. हॉलमध्ये एसी बसला होता. स्वयंपाकघराचं दार आजवर भिंतीला टेकून असायचं. ते आता नवं, घट्ट बसणारं झालं, कारण एसीची हवा आत गेली तर बिल वाढतं आणि फोडणीचा वास बाहेर आला तर नव्या सोफ्याला लागतो. हे सगळे निर्णय अण्णांनी आणि मुलाने हॉलमध्ये बसून घेतले. फॅनही त्यांनीच पसंत केला: नऊ इंची, चकचकीत, खोक्यावर तासाला सातशे घनमीटर हवा फेकतो असं छापलेलं.

वायरमनने तो खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पातळ प्लायवूड ठोकून बसवला. बटण दाबलं. घर्रर्र असा आवाज सुरू झाला आणि ओट्यावरचे चमचे थरथरायला लागले.

"नवा आहे काका. आठ दिवसांत बसेल आवाज."

हे वाक्य वायरमन लोक फार वर्षांपासून म्हणत आले आहेत. आवाज आपोआप बसलेला मात्र माझ्या पाहण्यात नाही. फार तर ऐकणाऱ्याचे कान बसतात.

इथे कानही बसले नाहीत. हॉलमध्ये अण्णा बातम्या लावून बसायचे. माईंनी फोडणी घालायला फॅन सुरू केला की निवेदकाचे ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. अण्णांनी सोफ्यावरूनच पहिला उपाय जाहीर केला.

"दार लावून घ्या!"

दार लागलं. हॉलमधला आवाज निम्म्याहून खाली आला आणि अण्णांना वाटलं, प्रश्न सुटला. आत सूनबाई पोळ्या करत होती. दार लागताच फॅनचा सूर बदलला. मघाशी नुसता घरघरणारा पंखा आता दात-ओठ खाल्ल्यासारखा गुरगुरायला लागला आणि तव्यावरचा धूर वर जायचा तो ओट्याभोवतीच रेंगाळू लागला. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "अण्णा, दार उघडं राहू दे ना. बरं पडतं."

अण्णांना वाटलं, हिला एसीची हवा हवी आहे. माईंना वाटलं, हिला मालिका ऐकायची आहे. दोघांनीही समजूतदारपणे काही बोलायचं टाळलं आणि दार पुन्हा लागलं.

अण्णा तीस वर्षं हिशेबतपासनीस होते. नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि सोफ्याच्या हाताशी एक वही ठेवली. दार उघडं: अमुक डेसिबल. दार बंद: अमुक डेसिबल. दार बंद असताना आकडा कमी, दर वेळी कमी. वहीत पुरावा गोळा होत गेला आणि तो सगळा बंद दाराच्या बाजूने होता. एकही मोजमाप स्वयंपाकघरात उभं राहून घेतलेलं नव्हतं. तिथे अण्णांचं काही काम नसे.

तेवढ्यात समोरच्या विंगमधून पत्र आलं. तिथे एक निवृत्त वकील राहतात. त्यांनी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवाला दिला होता: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आता डोंबिवलीत डब्याचा स्वयंपाक पहाटे साडेपाचला सुरू होतो. लोकल काही सहाची वाट पाहत थांबत नाही. म्हणजे कायद्याने मुलाची भेंडीची भाजी रात्रीच व्हायची. वकीलसाहेबांची तक्रार मोटरच्या घरघरीची नव्हती. फॅनच्या बाहेरच्या बाजूला ज्या लोंबत्या पट्ट्या असतात, त्या त्यांच्या खिडकीसमोर कडकड कडकड वाजत होत्या.

अण्णा फॅन घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने तो टेबलावर ठेवून सुरू केला. गोड चालला. "मोटर ठीक आहे साहेब," म्हणाला, पण जुनं गिऱ्हाईक म्हणून बदलून दुसरा दिला. दुसराही दुकानात गोड चालला आणि घरी येऊन तसाच गुरगुरला. एखाद्या कचेरीच्या हिशेबात अण्णांनी ही गोष्ट तत्काळ पकडली असती: दोन वेगवेगळे फॅन, आवाज एकच, मग दोष फॅनमध्ये कसा असेल? पण स्वतःच्या घराची तपासणी कुणी करत नाही. त्यांनी वहीत लिहिलं, "कंपनीचा सगळाच माल खराब."

मग मुलाने रेग्युलेटर आणला. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो आणि दहा उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. म्हणूनच जाणकार मोठ्या पात्याचा, संथ फिरणारा एक्झॉस्ट घ्या म्हणून सांगतात. लहान पंखा मिनिटाला चौदाशे फेऱ्यांनी पिटाळण्यापेक्षा मोठा नऊशे फेऱ्यांनी चालवलेला कधीही बरा. पण हे खरेदीच्या आधी ठरवायचं असतं. मुलाने आणलेला स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर कापून मोटरला देतो आणि ते अशा मोटरला मानवत नाही. घरघर उतरली आणि तिच्या जागी भुंग्यासारखी एकसुरी घूं सुरू झाली. आधीच कमी असलेली हवा आणखी घटली. बाहेरच्या पट्ट्या हवेच्या जोरावर उघड्या राहतात. तो जोरच गेल्यावर त्या उघडमीट करू लागल्या आणि वकीलसाहेबांचं दुसरं पत्र आलं.

त्याच आठवड्यात माईंनी मिरची भाजायला घेतली.

दार बंद, खिडकीचा दुसरा पल्ला कबुतरांमुळे बंद, फॅन मंद. पहिली बेडगी पडली तेव्हा नुसतं नाक चुरचुरलं. लवंगी पडली आणि सूनबाई पदर तोंडाला लावून बाहेर धावली. उघड्या दारातून ठसका हॉलमध्ये आला, एसीने तो इमानदारीने घरभर फिरवला आणि अण्णा खोकत खोकत गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी दाराखालच्या फटीकडे बोट दाखवलं.

"इथून येतं सगळं. ही फट बुजवा."

फट बुजवली. दाराला खालून रबराची पट्टी लागली, तिच्यावर जुन्या चादरीची गुंडाळी. रेग्युलेटर काढून फॅन पूर्ण वेगात लावला. आणि आता तो असा काही ओरडायला लागला की बंद दाराआडूनही बातम्या ऐकू येईनात. शिवाय नवीनच एक भानगड सुरू झाली. स्वयंपाकघरात गटाराचा वास यायला लागला. कोपऱ्यातली जुनी मोरी सिंक बसवल्यापासून कुणी वापरत नव्हतं. माईंनी महापालिकेला नावं ठेवली, अण्णांनी प्लंबरला.

म्हणजे पाहा: आवाज येतो म्हणून दार लावलं, दार लावलं म्हणून आवाज वाढला, ठसका आला म्हणून फट बुजवली, बुजवली म्हणून आवाज आणखी वाढला. प्रत्येक पायरीवर हॉलमधल्या माणसाला आपण शहाणपणाने वागतोय असंच वाटत होतं. तसं वाटायला वहीत आकडेही होते.

घरात भांडी-लादीला मावशी येतात. लादी पुसताना त्या स्वयंपाकघराचं दार उघडून त्याला वरवंटा लावून ठेवतात, म्हणजे ओली लादी लवकर सुकते. एके दिवशी त्या पुसत होत्या, फॅन सुरू होता आणि अण्णांची नेहमीची आरोळी आली. मावशींनी पायाने वरवंटा सरकवला, दार लावलं आणि आतून म्हणाल्या, "दार उघडं असलं की गप असतो हो हा. लावलं की बोंबलतो."

"काय म्हणताय?" अण्णांनी विचारलं. आवाजात ऐकू आलं नव्हतं.

"काही नाही, काही नाही. लावलं दार."

शेवटी अण्णांनी त्या वायरमनच्या मालकालाच बोलावलं. साठीचे मिस्त्री, गळ्यात चष्मा, पिशवीत टेस्टर आणि पक्कड. आल्या आल्या त्यांनी अण्णांची वही पाहिली नाही, फॅनही उघडला नाही. स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि विचारलं, "इथे दिवसभर कोण उभं असतं?"

सूनबाई आणि मावशी दोघी तिथेच होत्या. मावशींनी हात पुसले आणि बोलायच्या ऐवजी दार उघडून वरवंटा लावला. फॅनचा सूर खाली आला. वरवंटा काढला, दार लागलं, फॅन गुरगुरला. मिस्त्रींनी पुन्हा उघडायला लावलं, पुन्हा लावायला. मग वर्तमानपत्राचा एक कपटा फाडून फॅनच्या जाळीवर धरला. दार उघडं असताना कपटा जाळीला चिकटून बसला. बंद केल्यावर सैल पडून हातात आला. मग त्यांनी देवघरातली उदबत्ती मागून घेतली, चादरीची गुंडाळी पायाने बाजूला केली आणि पेटती उदबत्ती दाराच्या फटीशी नेली. धूर वर चढलाच नाही. दोरी ताणावी तसा आडवा होऊन फटीतून आत धावला. मोरीच्या जाळीशी नेली, तिथे उलट झालं. जाळीतून वर येणाऱ्या हवेने धूर ढकलला गेला.

"मोरी वापरात नाही ना? आतलं पाणी सुकलंय. पंख्याला कुठूनच हवा मिळेना, तेव्हा त्याने गटारातून ओढली. बाथरूममध्ये आत गॅस गीझर नाही ना काका?"

"नाही. इलेक्ट्रिक आहे."

"मग ठीक. गीझर गॅसचा असला तर हाच पंखा जळका वायू उलटा घरात ओढू शकतो. त्या वायूला वास नसतो. माणूस आंघोळीला जातो तो बाहेर येत नाही."

अण्णा पहिल्यांदाच स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. म्हणाले, "पण पंखा हवा बाहेर टाकायला लावलाय. आत घ्यायला कशाला हवी?"

उत्तर मिस्त्रींनी दिलं नाही. माईंनी दिलं, तेही जरा तिखटपणे.

"अहो, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला आपण भोकं किती पाडतो? दोन. एकच पाडलं तर तेल कसं येतं? भकभक, भकभक, निम्मं ओट्यावर. दुसरं भोक हवेला."

मिस्त्री हसले. "संपलं. वहिनींनी सांगितलं तेच."

अण्णांनी तरीही टेप मागवली. सवय. फॅनचं तोंड नऊ इंच व्यासाचं, म्हणजे चौसष्ट चौरस इंचाच्या आसपास. दाराखालची मूळ फट तीस इंच लांब, अर्धा इंच उंच: पंधरा चौरस इंच. म्हणजे बाहेर फेकायला जेवढी वाट, तिच्या पाव हिश्शाइतकी आत यायला. आणि तीही त्यांनी चादरीने बुजवलेली. स्वयंपाकघर दहा बाय आठ, उंची नऊ फूट, म्हणजे जेमतेम वीस घनमीटर हवा. खोक्यावरचा आकडा खरा धरला तर पंखा दर पावणेदोन मिनिटांनी त्या खोलीतली सगळी हवा बाहेर काढू पाहत होता. ती भरून यायला जागा नव्हती. हवा मिळेना की पात्यांवरचा प्रवाह तुटतो, पाती नुसतीच हवा घुसळत बसतात, आणि ती घुसळण म्हणजेच तो गुरगुराट.

"मग खिडकीचा दुसरा पल्ला उघडू या," मुलगा म्हणाला.

"आवाज जाईल, धूर राहील," मिस्त्री म्हणाले. "पंखा शेजारच्याच खिडकीतली हवा ओढून शेजारीच टाकेल. ओट्यावरचा धूर तिथेच. हवा समोरून आली पाहिजे, शेगडीवरून गेली पाहिजे."

दुरुस्ती साधी होती. सुताराने दाराच्या खालच्या भागात सोळा बाय आठ इंचांची जाळी बसवली. जाळीच्या पट्ट्या निम्मी जागा खातात, म्हणून दुप्पट मापाची. मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, ते आता आठवड्याला ओततात. पातळ प्लायवूड स्वतःच थरथरत होतं, ते काढून बारा मिलिमीटरचं लावलं आणि स्क्रूखाली स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. एवढं झाल्यावर चमचे थांबले. बाहेरच्या पट्ट्या हवेच्या जोराने ताठ उघड्या राहू लागल्या आणि समोरच्या विंगमधून तिसरं पत्र आलं नाही.

फॅन मुका झाला असं मी सांगणार नाही. नऊ इंची पंखा पूर्ण वेगात फिरतो तेव्हा आवाज करतोच, आणि बिनआवाजाचा म्हणून कुणी विकत असेल तर त्याला आधी घरी चालवून दाखवायला सांगावं. शिवाय या दुरुस्तीची किंमत होती आणि ती अण्णांना मोजावी लागली. फॅन चालू असताना हॉलमधली हवा जाळीतून आत जाते, म्हणजे एसीची गार हवाही जाते. फोडणीच्या वेळी एसी बंद करून हॉलची खिडकी उघडायची, असं ठरलं. पहिले काही दिवस अण्णा त्या वेळी घाम पुसत, पण बोलत नसत.

एक प्रश्न मात्र त्यांना डाचत होता. एका सकाळी लादी पुसणाऱ्या मावशींना त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला आधीपासून माहीत होतं, मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, दार लावा."

सूनबाई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. ती काही बोलली नाही. अण्णांनी वही आणली, आधीची पानं फाडली नाहीत, पण खाली एक ओळ लिहिली: "वरील सर्व नोंदी हॉलमधून घेतलेल्या आहेत."

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीची सभा झाली. विषय होता पाण्याचा नवा पंप. हिवाळ्यात बसवलेला पंप पहाटे भयानक ओरडतो म्हणून पहिल्या मजल्यावरचे लोक चिडले होते. सेक्रेटरींनी तीन प्रस्ताव मांडले: पंप बदलणं, पंपाच्या खोलीच्या दाराला फोमच्या गाद्या ठोकणं किंवा पंप फक्त दुपारी लावणं. फोमच्या प्रस्तावाला बराच पाठिंबा मिळाला. मतदानाआधी अण्णांनी हात वर केला आणि विचारलं, "त्या खोलीला लागून वॉचमन झोपतो. त्याला कुणी विचारलंय?"

विचारलं नव्हतं. वॉचमनला वर बोलावण्यात आलं. ठराव क्रमांक चारच्या इतिवृत्तात त्याचं म्हणणं सेक्रेटरींच्या अक्षरात असं नोंदवलेलं आहे: "खालची टाकी भरलेली असते तेव्हा पंप ओरडत नाही. तळाला गेली की ओरडतो. हे वॉचमनने मार्चमध्ये सांगितले होते."